लोकोमॅटची २० सेशन सुचवली आहेत (डायप्लेजिया, वय ६, लेव्हल ३): तयारी, सेटिंग आणि खरा उपयोग किती?

सातारा_बालफिजिओ

नमस्कार. तालुक्याच्या ठिकाणी लहान मुलांची फिजिओथेरपी करते. एका मुलीच्या आईवडिलांना शहरातल्या केंद्राने लोकोमॅटवर (ट्रेडमिलवर पाय बांधून चालवणारा रोबोट) २० सेशन घ्यायला सांगितलं आहे. त्यासाठी महिनाभर खोली घेऊन राहावं लागेल, वडिलांचा रोजगार बुडेल. जावं की नाही, हे ते मला विचारताहेत. ट्रेडमिल, वॉकर, ताकदीचे व्यायाम हे माझ्या हातातलं काम आहे, पण रोबोट मी स्वतः चालवलेला नाही.

मुलगी ६ वर्षांची. सातव्या महिन्यात जन्म, स्पास्टिक डायप्लेजिया (सेरेब्रल पाल्सीचा प्रकार, मुख्यतः दोन्ही पाय ताठर), जीएमएफसीएस (हालचालींच्या क्षमतेची वर्गवारी, १ सर्वांत सौम्य, ५ सर्वांत गंभीर) लेव्हल ३. पाठीमागे राहणाऱ्या वॉकरवर घरात आणि शाळेच्या व्हरांड्यात चालते, लांब जायचं तर उचलून न्यावं लागतं. एएफओ (घोटा-पाऊल धरून ठेवणारे आधार) घातले की टाचा टेकतात, पण गुडघे वाकलेलेच राहतात. मॉडिफाइड ॲशवर्थ (स्नायूंच्या ताठरपणाची ० ते ४ श्रेणी) पोटऱ्यांना २, हॅमस्ट्रिंगला (मांडीमागचे स्नायू) २, ॲडक्टरला (मांडीच्या आतले स्नायू) १+. दोन्ही गुडघे सरळ व्हायला १० अंश कमी पडतात. फिट येत नाहीत, सांगितलेलं सगळं कळतं.

मशीनवर चढवण्याआधी काय तपासायचं? सेशन चालू असताना पालकांनी नेमकं काय बघावं? आणि तेवढाच वेळ मी साध्या ट्रेडमिलवर दिला तर मुलीचं काय हुकेल?

गेट_ट्रेनिंग_पुणे

ताई, माहिती नेमकी दिलीत, त्यामुळे उत्तरही नेमकं देता येतं.

आधी मांडीचं माप घ्या. ग्रेटर ट्रोकँटरपासून (खुब्याच्या बाहेर हाताला लागणारा हाडाचा उंचवटा) गुडघ्याच्या सांध्याच्या बाहेरच्या रेषेपर्यंत. लोकोमॅटच्या लहान मुलांच्या ऑर्थोसिसला (पाय बांधायच्या चौकटीला) हे अंतर २१ ते ३५ सेंमी लागतं. साधारण चार वर्षांच्या पुढे २१ सेंमी भरतं, पण मुदतीआधी जन्मलेली मुलं अंगाने लहान असतात, म्हणून वयावर न जाता टेपने मोजा. दोन्ही पायांच्या लांबीत २ सेंमीपेक्षा जास्त फरक असेल, गुडघा २० अंशांहून जास्त आखडलेला असेल, हाडं ठिसूळ असतील, कातडीवर जखम असेल किंवा फिट आटोक्यात नसतील तर थांबायचं. तुमच्या मुलीचे १० अंश चालतात. सातव्या महिन्यातलं बाळ म्हटल्यावर डोक्यात पाणी झाल्याने शंट बसवलेला आहे का, तेही विचारून घ्या. शंटमुळे लगेच नाही म्हणायचं कारण नाही, पण त्याची नळी छातीवरून पोटाकडे जाते आणि मुलीला वरून पेलणाऱ्या हार्नेसचा पट्टा नेमका तिच्यावर दाब देऊ शकतो. थेरपिस्टला हे आधी ठाऊक असलं पाहिजे.

आता मशीनवरचं काम. पहिल्या सेशनला मापं आणि बांधाबांध यातच बराच वेळ जातो, प्रत्यक्ष चालणं १०-१५ मिनिटं झालं तरी पुष्कळ. मशीनच्या खुब्याचा आणि गुडघ्याचा सांधा मुलीच्या सांध्यासमोर बरोबर यायला हवा. तो सेंटिमीटर-दोन सेंटिमीटर जरी वरखाली असला तर दर पावलाला कफ (पाय धरणारा पट्टा) कातडीवर घासतो. अर्ध्या तासात दोन हजार पावलं होतात, म्हणजे तेवढ्या वेळा घासणार. सेशन संपल्यावर मोजे काढून नडगी, गुडघ्याची मागची बाजू, जांघ आणि कमरेचे कोपरे बघायचे. लाली २०-३० मिनिटांत गेली तर ठीक. त्यानंतरही राहिली तर कफची जागा चुकली आहे, नुसता स्पंज वाढवून भागत नाही.

मुलीला आधी हवेत लटकत ठेवून पाय चालवतात आणि सांधे नीट वळताहेत हे बघून मग हळूहळू पट्ट्यावर टेकवतात. ही पायरी गाळणारा थेरपिस्ट घाई करतोय असं समजा.

तीन आकडे लक्षात ठेवा: वजनाचा आधार, वेग आणि गायडन्स फोर्स.

वजनाचा आधार सुरुवातीला ३० ते ५० टक्के. पाऊल टेकल्यावर गुडघा खचला तर आधार कमी पडतोय. टाच टेकतच नसेल आणि मुलगी चवड्यांवर तरंगत असेल तर तो जास्त झालाय. जमेल तसा ५-१० टक्क्यांनी उतरवत न्यायचा. वेग १ ते १.२ किमी प्रतितासपासून सुरू करून या वयात दीडच्या आसपास. पट्टा आणि पाय यांचा मेळ चुकला की पाऊल मागे रेंगाळतं किंवा बूट सर्रकन घसरतो. मशीनच्या पडद्यावर तो मेळ जुळवायची सोय असते.

सगळ्यात महत्त्वाचा गायडन्स फोर्स. १०० टक्के म्हणजे पाय पूर्ण मशीनने हलवायचा. मुलीने काहीच केलं नाही तरी चाल सुरेख दिसते, व्हिडिओही छान येतो, पण स्नायू झोपलेले असतात. शरीर मेहनत वाचवायलाच बघतं. म्हणून पहिली तीन-चार सेशन १०० वर ठीक, पुढे दर एक-दोन सेशनला १० टक्क्यांनी खाली. डायप्लेजियातही एक बाजू जास्त अशक्त असते, म्हणून डाव्या-उजव्या पायाचा आकडा वेगळा ठेवता येतो आणि तो ठेवावा. कमी करताना गुडघा खचू लागला किंवा चवडा घासू लागला तर एक पायरी मागे यायचं. पालकांनी रोज विचारायचा प्रश्न एवढाच: आज गायडन्स किती होता, आणि गेल्या आठवड्यात किती होता? विसाव्या सेशनलाही उत्तर शंभरच आलं, तर मुलीला फिरवून आणलं, ट्रेनिंग झालं नाही.

मशीन मध्येच थांबतं त्याबद्दल. पायाने ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त विरोध केला की मशीन आपोआप बंद होतं. एखाद्या वेळी झालं तर काही नाही. दर दोन मिनिटांनी होऊ लागलं तर सेन्सिटिव्हिटी कमी करून रेटू नका, कारण शोधा. वेग जास्त, खुब्याची हालचाल गरजेपेक्षा मोठी, एसी फार गार, जांघेतला पट्टा चिमटा काढतोय, लघवी लागली आहे, दोन दिवस शौचाला झालेलं नाही. शेवटचं कारण सर्रास दुर्लक्षित राहतं. बद्धकोष्ठात पायांचा ताठरपणा हमखास वाढतो. शू-शी उरकून, जेवणानंतर तासाभराने, शिवण न टोचणारी घट्ट सुती लेगिंग आणि गुडघ्यापर्यंतचे मोजे घालून न्यायचं. पायमोज्याची एक सुरकुतीही फोड आणते.

आणि मशीनवरून उतरल्यावर लगेच, पंधरा मिनिटांच्या आत, जमिनीवर वॉकर घेऊन १५-२० मिनिटं चालवायचं. लोकोमॅटमध्ये कंबर बांधलेली असते, वजन एका पायावरून दुसऱ्यावर झुकवण्याचं काम मुलगी करतच नाही. कंबर सैल सोडणारा जोड काही मशीनवर असतो, तो आहे का विचारा. तोल, वळणं, उंबरठा हे सगळं जमिनीवरच शिकायचं. ज्या पॅकेजमध्ये हा भाग नाही ते पॅकेज घेऊ नका.

बालअस्थी_विभाग

वरच्या उत्तरात एक गोष्ट राहिली. चालण्याच्या कोणत्याही जोरकस कार्यक्रमाआधी खुब्यांचा एक्स-रे. लेव्हल ३ मध्ये सुमारे ४१ टक्के मुलांचे खुबे सरकतात. लेव्हल ४ मध्ये ६९ आणि लेव्हल ५ मध्ये ९० टक्के. सुरुवातीला दुखत नाही, त्यामुळे कोणाच्या लक्षात येत नाही. सरळ झोपवून, गुडघ्याच्या वाट्या छताकडे ठेवून कमरेचा समोरून फोटो काढायचा. मांडीच्या हाडाच्या डोक्याचा किती भाग खोबणीबाहेर आहे ते मोजायचं. ३० टक्क्यांच्या वर गेलं असेल तर आधी बालअस्थिरोगतज्ज्ञ, मग रोबोट. फोटो सहा महिन्यांहून जुना असेल तर नवीन काढा. पाय वाकडे ठेवून काढलेल्या फोटोवर मोजमाप करून उपयोग नाही, असे फोटो फार येतात, म्हणून तंत्रज्ञाला चिठ्ठीवर लिहून द्या.

रोबोटने खुबा जागेवर येत नाही आणि आखडलेला स्नायूही लांब होत नाही. हे पालकांना स्वच्छ शब्दांत सांगावं.

हॅमस्ट्रिंग २ आहेत म्हणजे बोटॉक्सचा (ताठर स्नायू सैल करणारं इंजेक्शन) विषय निघेलच. काढायचा असेल तर सेशनच्या आधी काढा. इंजेक्शनचा परिणाम काही दिवसांत सुरू होतो, दोन ते सहा आठवड्यांत सर्वांत जास्त असतो आणि तीन-चार महिने टिकतो. इंजेक्शननंतर दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून सेशन लावली तर सैल झालेल्या स्नायूवर सराव होतो. उलट क्रमाने केलं तर इंजेक्शनचा उत्तम काळ घरी बसून जातो. हाडांचं ऑपरेशन झालेल्या मुलांत मात्र हाड जुळल्यावर, पूर्ण वजन टाकायची सर्जनची लेखी परवानगी मिळाल्यावरच.

सातारा_बालफिजिओ

दोघांचे आभार. मांडी २७ सेंमी भरली, शंट नाही. एक्स-रे दीड वर्षापूर्वीचा आहे, नवीन काढायला सांगितलंय. केंद्राला फोन करून गायडन्सचं विचारलं, तर "सुरक्षिततेसाठी आम्ही शेवटपर्यंत १०० टक्केच ठेवतो" असं उत्तर मिळालं. हे बरोबर आहे का? शिवाय "सहा महिन्यांत वॉकर सुटेल" असं पालकांना सांगितलं गेलंय.

गेट_ट्रेनिंग_पुणे

नाही. पडण्यापासून हार्नेस वाचवतो, गायडन्स नव्हे. लेव्हल ४ च्या, धड न सावरणाऱ्या मुलांत १०० वर राहणं समजू शकतो. वॉकरवर स्वतः चालणाऱ्या आणि सूचना समजणाऱ्या मुलीला त्याचं काहीच कारण नाही.

मोजमाप_हवंच

वॉकर सुटण्याच्या आश्वासनाबद्दल लिहायलाच हवं. कॅनडातल्या ऑंटारियो प्रांतात शेकडो मुलांचा वर्षानुवर्षं पाठपुरावा करून २००२ मध्ये हालचालींच्या वाढीचे आलेख प्रसिद्ध झाले. लेव्हल ३ ची मुलं आपल्या क्षमतेच्या ९० टक्क्यांपर्यंत सरासरी ३ वर्षं ८ महिन्यांच्या सुमारास पोचलेली असतात. लेव्हल १ ला तेच ४ वर्षं १० महिने, लेव्हल ५ ला २ वर्षं ८ महिने. याचा अर्थ सहाव्या वर्षी थेरपी व्यर्थ असा अजिबात नाही. पण सहाव्या वर्षी २० सेशनमुळे लेव्हल ३ ची मुलगी लेव्हल २ मध्ये जाईल, असं कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्यावर घरदार पणाला लावू नये. दम, वेग, चालण्यातला सरळपणा, उभं राहण्याचा वेळ, ही गाठण्यासारखी उद्दिष्टं आहेत. "शाळेच्या फाटकापासून वर्गापर्यंत न थांबता वॉकरने जाणं" हे लिहून ठेवण्यासारखं उद्दिष्ट. "चाल सुधारणे" हे नव्हे.

साध्या ट्रेडमिलच्या प्रश्नाबद्दल: २०२० मध्ये कॉक्रेनचा (उपचारांवरचे अभ्यास एकत्र तपासणारी संस्था) आढावा आला. ट्रेडमिल आणि रोबोट दोन्हींसारखं यंत्राच्या मदतीने चालणं त्यात होतं. काहीच चालण्याचा सराव न देण्याच्या तुलनेत वेगात थोडी वाढ दिसते. पण तेवढाच सराव जमिनीवर दिला, तर वजनाच्या आधाराने यंत्रावर चालण्यात आणि त्यात फारसा फरक राहत नाही. म्हणजे खरं औषध पावलांची संख्या. रोबोटचा फायदा असा की दीड किमी वेगाने, ३५ सेंमी पावलाने अर्ध्या तासात दोन हजारांच्या वर पावलं होतात आणि थेरपिस्टची कंबर मोडत नाही. वॉकरवर तेवढ्याच वेळात, विश्रांती धरून, काही शेच होतात.

मग तीच संख्या तुमच्याकडे कशी भरायची? ट्रेडमिल ०.८ किमीवर जाणारी हवी. घरगुती मशीन बहुतेक ०.८ किंवा १ वर सुरू होतात. बाजूचे दांडे लहान मुलीला दूर आणि उंच पडतात, तिच्या कोपराच्या उंचीवर आडवा दांडा बसवून घ्या, नाहीतर ती खांद्यांवर लटकून चालते आणि पायांवर वजनच येत नाही. वरून हार्नेस असेल तर उत्तम. नसेल तर तुम्ही मागे, कमरेला हात, आणि बंद करायची दोरी मुलीच्या कपड्याला. एएफओ आणि बूट घालून पाच-पाच मिनिटांचे तीन फेरे, मध्ये दोन मिनिटं बसणं. आधी वेळ वाढवा, सलग २० मिनिटं झाल्यावर वेग ०.१-०.२ ने. आठवड्यात चार दिवस, सहा ते आठ आठवडे. चवडा घासू लागला किंवा पाय कात्रीसारखे एकमेकांत येऊ लागले की तो फेरा संपला, रेटायचं नाही. उरलेल्यांपैकी दोन दिवशी स्टुलावरून उभं राहणं, ८ ते १० वेळा, तीन फेरे. सुरुवातीला स्टूल एवढ्या उंचीचं की बसल्यावर गुडघे काटकोनात यावेत, मग पाट-पाट कमी करत न्यायचं.

रोबोट असो वा ट्रेडमिल, आधी आणि नंतर तीन चाचण्या. जीएमएफएम-८८ (हालचालींची गुण देऊन घेतलेली चाचणी) चे उभं राहण्याचे १३ आणि चालणं-पळणं-उडी मारण्याचे २४ घटक, १० मीटर चालण्याचा वेळ, ६ मिनिटांत कापलेलं अंतर. तोच वॉकर, तेच एएफओ, दिवसाची तीच वेळ. सोबत बाजूने आणि समोरून व्हिडिओ, कॅमेरा कमरेच्या उंचीवर. सुरू करण्याआधी, संपल्यावर आणि पुढे सहा ते आठ आठवड्यांनी. शेवटचं मोजमाप कोणी करत नाही आणि तेच सर्वांत बोलकं असतं, कारण सेशन संपल्यावर किती टिकलं ते तिथे कळतं.

ओटी_ठाणे

सर, तुमच्या मुद्द्यांशी सहमत, फक्त एक भर. "जमिनीवर तेवढाच सराव" कागदावर सोपं आहे. लेव्हल ४ चं १० वर्षांचं, ३० किलोचं मूल दोन माणसांनाही दहा मिनिटांहून जास्त चालवता येत नाही. तिथे रोबोट किंवा मोटरवर पाय हलवणारं उभं राहण्याचं यंत्र याला पर्याय नाही. उद्दिष्टही चालण्याचं नसतं, सांधे मोकळे राहणं, पायांवर वजन येणं आणि पोट साफ होणं हे असतं. त्या मुलांना "चालणार का?" या एकाच फूटपट्टीने मोजू नका. या मुलीच्या बाबतीत मात्र ट्रेडमिलला प्राधान्य द्यावं असंच मलाही वाटतं.

मशीनच्या प्रकाराबद्दल थोडं. लोकोमॅट स्वित्झर्लंडच्या होकोमाचं, त्यात मांडी आणि पोटरी दोन्ही बांधलेली असतात. दुसऱ्या प्रकारात फक्त पावलं फळीवर असतात आणि फळ्या फिरतात. तिथे गुडघा मोकळा असल्याने तो मागे जातोय का हे थेरपिस्टला सतत बघावं लागतं. भारतात तिरुवनंतपुरमची जेनरोबोटिक्स जी-गेटर बनवते. कोणतंही मशीन असो, मुलाच्या मापाचं आहे का, मदत कमी करता येते का, सेशनभर शेजारी बालथेरपिस्ट उभा असतो का, हे तीन प्रश्न कंपनीच्या नावापेक्षा महत्त्वाचे.

खर्चाचं: युडीआयडी कार्ड (अपंगत्वाचं ओळखपत्र) नसेल तर आधी ते काढा, बाकी सगळं त्यावर अडतं. राष्ट्रीय न्यासाच्या निरामय आरोग्यविमा योजनेत सेरेब्रल पाल्सी बसते, वर्षाला १ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे, पण थेरपीला त्यात वेगळी मर्यादा असते. पूर्ण पॅकेजचं बिल परत मिळेल या हिशेबाने कर्ज काढू नका. तारीख, सही-शिक्का आणि सेशनचा प्रकार लिहिलेली मूळ बिलं ठेवा, "फिजिओ" एवढंच लिहिलेल्या एकत्रित पावतीवर दावे अडकतात. वडील प्राप्तिकर भरत असतील तर जुन्या करपद्धतीत अपंग मुलाच्या सांभाळासाठी ७५,००० रुपयांची वजावट मिळते, अपंगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,०००. जिल्हा रुग्णालयातलं डीईआयसी (मुलांच्या वाढीतल्या अडचणी लवकर ओळखून उपचार करणारं) केंद्र १८ वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत बघतं. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय भौतिक चिकित्सा व पुनर्वसन संस्था आहे, तिथे एकाच जागी डॉक्टर, थेरपिस्ट आणि एएफओची कार्यशाळा मिळते. रोबोटचा निर्णय घ्यायच्या आधी असा एक निःपक्ष सल्ला घेण्यासारखा आहे.

सातारा_बालफिजिओ

खूप स्पष्ट झालं. एक्स-रे नीट आला तर आठ आठवडे ट्रेडमिल, त्याआधी तिन्ही चाचण्या, असं ठरवते. एएफओबद्दल एक शंका: पुढे कधी रोबोट घेतलाच, तर त्यावर एएफओ घालायचे की काढायचे?

गेट_ट्रेनिंग_पुणे

मशीनला चवडा उचलायला स्प्रिंगचे पट्टे असतात, म्हणून पुष्कळ ठिकाणी एएफओ काढून नुसते बूट घालतात. पण पट्टा एका बाजूने जास्त ताणला गेला तर पाऊल आत किंवा बाहेर वळतं आणि घोटा दुखतो. पोटऱ्या २ असलेल्या मुलीत पाऊल पट्ट्याने सरळ राहत नसेल तर पातळ एएफओ ठेवून बघतात, मात्र मग पट्टे सैल करावे लागतात आणि एएफओच्या वरच्या कडेवर पोटरीचा कफ येणार नाही, अशी जागा शोधावी लागते. दोन्ही एकावर एक आले तर तिथेच फोड येतो. सेशनला दोन्ही तऱ्हेचे बूट सोबत न्यायचे: एएफओवर बसणारे एक माप मोठे आणि नुसत्या पायाचे. तळवा सपाट आणि कडक हवा. क्रॉक्स किंवा सँडलवर कोणी मशीनवर चढवत असेल तर चढवू देऊ नका.